‘आयदर’ आणि ‘ऑर’ : जोडीने चालणारे दोन शब्द



गेल्या महिन्यात आमच्या परिचयातील एका कापड व्यापारी कुटुंबातील चिरंजीव सायंकाळी घरी आले. बी.कॉम. झालेले, हुशार, वडिलांच्या पेढीचा इंग्रजी पत्रव्यवहार आता तेच पाहतात. चेहरा उतरलेला होता. चेन्नईच्या एका खरेदीदाराकडे पाठविलेल्या मालापैकी तीन गाठी वाटेत पावसाने भिजल्या. खरेदीदाराची तक्रार रास्त होती आणि ती मान्य करण्याचा उमदेपणाही यांनी दाखविला. त्यांनी लिहिले : ‘वुई विल रिप्लेस द डॅमेज्ड बेल्स अँड/ऑर रिफंड द अमाउंट.’ चार दिवसांनी उत्तर आले की, नव्या तीन गाठी मिळाल्या, आभारी आहोत; आता कबूल केल्याप्रमाणे रक्कमही परत पाठवावी.

“काका, मला दोहोंपैकी एक असेच म्हणायचे होते हो! दोन्ही कोण देईल?”

“म्हणायचे काय होते ते तुमच्या मनात राहिले. लिहिले काय आहे तेवढेच त्यांच्या हातात आहे,” मी म्हटले. हे बोलताना माझा स्वर थोडा कठोर झाला असावा, कारण आतून सौभाग्यवतींनी चहा आणता आणता माझ्याकडे रोखून पाहिले. त्या कठोरपणामागे एक जुनी गोष्ट आहे. ती पुढे ओघाने येईलच.

प्रथम त्या तिरप्या रेघेचा समाचार घेऊ. ‘अँड’ म्हणजे दोन्ही. ‘ऑर’ म्हणजे दोहोंपैकी एक. मधे तिरपी रेघ ओढून दोन्ही शब्द एकत्र बसविले की अर्थ होतो : हे, किंवा ते, किंवा दोन्ही. लिहिणाऱ्याला वाटते, आपण सर्व बाजूंनी सुरक्षित झालो. प्रत्यक्षात त्याने तीन दारे उघडी ठेवलेली असतात आणि कोणत्या दाराने आत यायचे हे तो समोरच्यावर सोडून देतो. खरेदीदार तिसऱ्या दाराने आला, त्याला लबाड तरी कसे म्हणावे?

हा जोडशब्द जन्मला तोही व्यापारातच. इंग्लंडमध्ये १८५५ साली जहाजाच्या भाडेकरारावरून एक दावा झाला. जहाजात साखर, काकवी ‘अँड/ऑर’ अन्य कायदेशीर माल भरावयाचा होता आणि या शब्दांचा अर्थ काय लावायचा, यावर न्यायाधीशांना डोके शिणवावे लागले. त्यानंतरही न्यायालयांचे या जोडशब्दाशी कधी जमले नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अत्यंत कडक शब्दांत समाचार घेतला, तर १९४४ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये व्हायकाउंट सायमन यांनी त्याची थेट ‘अनौरस’ म्हणून संभावना केली. तरीही आपल्याकडील करारनाम्यांचे नमुने पाहावेत तर पानापानावर हीच तिरपी रेघ! टंकलेखकाला ती आवडते, वकिलाच्या कारकुनाला आवडते, आणि एका नमुन्यावरून दुसरा उतरवून घेणाऱ्यांना तर विचार करावा लागत नाही म्हणून फारच आवडते.

मग आमच्या चिरंजीवांनी काय लिहावयास हवे होते? ‘आयदर’ आणि ‘ऑर’ ही साधी, शालेय जोडी पुरेशी होती. ‘वुई विल आयदर रिप्लेस द डॅमेज्ड बेल्स ऑर रिफंड देअर प्राइस.’ आपल्या ‘एकतर… नाहीतर…’ची ही इंग्रजी बहीण. वाक्याच्या आरंभी ‘आयदर’ आला की वाचणारा सावध होतो : आता दोन पर्याय येणार आणि त्यांतील एकच आपल्याला मिळणार. पुढे शक्य तर आणखी दोन-तीन शब्द जोडावेत. ‘ॲज यू प्रिफर’ म्हटले तर निवड खरेदीदाराची. ‘ॲट अवर ऑप्शन’ म्हटले तर आपली. पर्याय सांगितले पण निवड कोणाची हे सांगितले नाही, तर भांडणाचे बी तेथेच राहते. आपले वाडवडील हुंडी लिहीत तेव्हा एवढ्याशा शब्दाने हे काम करून टाकीत. ‘शाहजोग’ म्हटले की ती पत असलेल्या शाहूकारामार्फतच वटणार, ‘धनीजोग’ म्हटले की धन्याला पैसे मिळणार. शिवाय रक्कम लिहून ‘नीमे’ म्हणून तिची निम्मी रक्कमही लिहीत आणि तिची दुप्पट म्हणजे पूर्ण एवढे, असेही नमूद करीत. ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता त्या माणसांना लेखी शब्दाचे मोल आपल्याहून अधिक कळत होते, असे मला पुष्कळदा वाटते.

‘आयदर’ या शब्दाचा उच्चार काही जण ‘ईदर’ असा करतात. दोन्ही उच्चार मान्य आहेत. नातवंडांनी टोकले तर वाद घालू नये.

वाद घालावा तो स्थानाबद्दल. ‘आयदर’ वाक्यात कोठे बसवायचा, यातच बहुतेकांची चूक होते. ‘वुई विल आयदर रिटर्न द गुड्स ऑर द पेमेंट’ हे वाक्य पाहा. ऐकायला बरे वाटते. परंतु ‘आयदर’ क्रियापदाच्या आधी बसला आहे, तेव्हा ‘ऑर’च्या पुढेही क्रियापदच यायला हवे आणि तेथे तर नुसतेच ‘द पेमेंट’ आहे. तराजूच्या एका पारड्यात माप ठेवले आणि दुसऱ्यात पिशवीसकट धान्य, अशातला हा प्रकार झाला. ‘वुई विल रिटर्न आयदर द गुड्स ऑर द पेमेंट’ असे लिहिले की दोन्ही पारड्यांत नाम येते आणि काटा मधोमध उभा राहतो. तसेच ‘सेंड इट आयदर बाय रोड ऑर बाय रेल’ हे बरोबर. ‘आयदर सेंड इट बाय रोड ऑर बाय रेल’ हे लंगडे.

याचा उत्तम नमुना पाहावयाचा असेल तर इंग्रजी साहित्याकडे जाण्याची गरज नाही. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे, तेरावे कलम उघडावे. वचनचिठ्ठी, हुंडी किंवा धनादेश ‘पेएबल आयदर टू ऑर्डर ऑर टू बेअरर’ असावा, असे तेथे म्हटले आहे. त्यातील दुसरा ‘टू’ पाहा. तो गाळला असता तरी अर्थ कळला असता, पण मसुदा करणाऱ्याने दोन्ही बाजूंना समान वजन ठेवले. त्याच कलमात पुढे अशीही तरतूद आहे की, संलेख दोन किंवा अधिक व्यक्तींना संयुक्तपणे देय करता येतो किंवा त्यांच्यापैकी एकाला पर्यायाने देय करता येतो. म्हणजे आपण धनादेशावर दोन नावांच्या मधे ‘अँड’ लिहिले तर पैसे दोघांना मिळून द्यायचे; ‘ऑर’ लिहिले तर दोहोंपैकी कोणा एकाला. दोन-तीन अक्षरांचा फरक, आणि बँकेच्या खिडकीवर त्याचे परिणाम अगदी निराळे. दोन भावांच्या नावे धनादेश फाडताना हे ध्यानात ठेवावे, विशेषतः भावाभावांत बोलणे कमी झाले असेल तेव्हा.

दुसरा नमुना १८७२ च्या भारतीय करार कायद्यातला. अठ्ठावन्नाव्या कलमाखाली एक उदाहरण दिले आहे. ‘अ’ने ‘ब’ला हजार रुपये द्यायचे आणि त्याबदल्यात ‘ब’ने नंतर एकतर तांदूळ नाहीतर चोरटी अफू द्यायची, असा करार झाला. कायदा म्हणतो, तांदळापुरता करार वैध, अफूपुरता शून्य. एम.कॉम.च्या वर्गात आमच्या प्राध्यापकांनी हे उदाहरण सांगितले तेव्हा सर्व विद्यार्थी अफूवर हसले. मला मात्र पुढे नोकरीत त्यातील ‘आयदर… ऑर’चे महत्त्व उमगले. त्या जागी ‘अँड’ असता, तर उदाहरणच निराळ्या कलमाखाली गेले असते.

आता क्रियापदाचे. ‘आयदर द पार्टनर ऑर द मॅनेजर्स’ याच्यापुढे ‘इज’ लिहावे की ‘आर’? नियम असा की, क्रियापदाला जो कर्ता जवळचा, त्याच्याप्रमाणे वचन. म्हणून येथे ‘आर’. आणि क्रम उलटा करून ‘आयदर द मॅनेजर्स ऑर द पार्टनर’ म्हटले तर ‘इज’. हा नियम पाठ करण्याचे कारण नाही, कारण मराठी माणूस तो उपजत पाळतो. ‘दादा किंवा ताई आली असेल’ असे आपण म्हणतो. दादा आधी आला म्हणून कोणी ‘दादा किंवा ताई आला असेल’ असे म्हणत नाही. मात्र ‘आयदर ऑफ द पार्टनर्स’ अशी रचना असेल तेव्हा पुढे ‘पार्टनर्स’ हे अनेकवचन दिसले तरी फसू नये. तेथे बोलणे एकाविषयीच चालले आहे, म्हणून ‘इज’.

नकारात हीच जोडी ‘नायदर… नॉर’ होते. ‘ना बिल, ना पावती’ या धर्तीवर ‘नायदर द बिल नॉर द रिसीट वॉज अटॅच्ड.’ येथे दोन चुका नेहमी आढळतात. ‘नायदर’नंतर ‘ऑर’ लिहिणे ही एक. आणि ‘वुई हॅव नॉट रिसीव्हड नायदर’ असा दुहेरी नकार ही दुसरी. ‘नॉट’ वापरायचाच असेल तर पुढे ‘आयदर… ऑर’ ठेवावे.

एक सापळा सांगून ठेवतो. ‘आयदर’चा जुना अर्थ ‘दोहोंपैकी प्रत्येक’ असाही आहे. ‘शॉप्स ऑन आयदर साइड ऑफ द रोड’ म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला नव्हे, दोन्ही बाजूंना दुकाने. म्हणून भागीदारीपत्रात ‘आयदर पार्टनर’ म्हणून थांबू नये. सहीचा अधिकार एकट्यालाही आहे, की दोघांनी मिळून सही करायची, हे एक जादा वाक्य लिहून स्पष्ट करावे. शाई महाग नाही.

आणि ‘आयदर’ हा दोहोंचाच शब्द आहे. तीन पर्याय असतील तेथे काही कोशकार तो चालवून घेतात, पण मी माझ्या हाताखालच्यांना तो कधी चालवू दिला नाही. तीन असतील तर ‘एनी वन’. ‘फॉर्मर’चेही तसेच, दोहोंतला पहिला तो ‘फॉर्मर’. आपल्या बँकेतील ठेवींचे अर्ज पाहा. दोन नावे असली की ‘आयदर ऑर सर्व्हायवर’, म्हणजे दोहोंपैकी कोणीही, किंवा एकाच्या पश्चात मागे राहील तो. नावे तीन किंवा अधिक असली की ‘एनी वन ऑर सर्व्हायवर’. पहिल्यानेच हयातीत व्यवहार करायचा आणि त्याच्या पश्चात दुसऱ्याने, असे असेल तर ‘फॉर्मर ऑर सर्व्हायवर’. व्याकरणाचे एक संपूर्ण पान त्या चौकटीत भरलेले आहे, आणि आपण त्यावर काट्याची खूण करून मोकळे होतो. किंवा खूणही करीत नाही.

तीच माझी जुनी गोष्ट.

नोकरीच्या मधल्या काळात मी दक्षिण महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी अधिकारी होतो. मार्च महिना, ठेवी गोळा करण्याचे उद्दिष्ट, खिडकीपुढे रांग. हळदीची अडत असलेले एक वयस्क गृहस्थ पत्नीसह आले आणि दोघांच्या नावे ऐंशी हजारांची मुदत ठेव ठेवून गेले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. अर्जातील व्यवहाराच्या सूचनेची चौकट कोरी राहिली होती. माझ्या डोळ्यांना ते दिसले नाही असे मी म्हणणार नाही. दिसले होते. ‘उद्या बोलावून खूण करून घेऊ’ असे मनात म्हणून मी सही केली. पावतीवर दोन नावे आणि मधे ‘अँड’ एवढेच टंकित झाले.

तो उद्या आला नाही. दोन वर्षांनी ते गृहस्थ हृदयविकाराने गेले. पुढे पाच महिन्यांनी ठेवीची मुदत भरली आणि काकू पावती घेऊन आल्या.

दोन नावांमध्ये नुसते ‘अँड’ असेल आणि पश्चात राहणाऱ्यासंबंधी सूचना नसेल, तर एकाच्या मृत्यूनंतर रक्कम हयात ठेवीदार आणि मृताचे वारस यांना मिळून द्यावी लागते. करार कायद्याचे पंचेचाळिसावे कलम हेच सांगते. वारस म्हणजे दोन मुलगे आणि एक विवाहित कन्या. धाकट्याने व कन्येने त्याच आठवड्यात सह्या केल्या. थोरला दुकानाच्या वाटणीवरून विभक्त झालेला. तो सही करीना. दुकानाचे आधी मिटवा, मग सही, असे त्याचे म्हणणे.

काकू दर महिन्याला येत. पदर सावरून बाकावर बसत आणि गर्दी ओसरली की खिडकीशी येऊन विचारीत, “साहेब, पावतीवर माझं नाव आहे ना?” मी म्हणे, “आहे काकू.” “मग?” या ‘मग’चे उत्तर मला ठाऊक होते आणि ते मी त्यांना एकदाही दिले नाही. नियम समजावून सांगितला, वारसांच्या सह्यांचे कागद पुन्हा पुन्हा दिले, पण ती चौकट कोरी राहिली तेव्हा पेन माझ्या हातात होते, हे सांगण्याचे धैर्य झाले नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात त्यांच्या हातातील पाटल्या दिसेनाशा झाल्या. त्यांनी काही सांगितले नाही, मी विचारले नाही. चौदा महिन्यांनी थोरल्याच्या मामांनी मध्यस्थी केली, सही आली, रक्कम मिळाली. पैसे मोजून घेताना काकू मलाच म्हणाल्या, “साहेब, तुम्हाला फार त्रास दिला.”

त्या चौकटीत ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ एवढेच असते, तर मुदतीच्या दिवशी मृत्यूचा दाखला पाहून रक्कम त्यांच्या हाती पडली असती. वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. हयात ठेवीदाराला बँकेकडून रक्कम घेण्याचा अधिकार मिळतो, मालकीचा प्रश्न कुटुंबात वारसा कायद्याने सुटतो. पण निदान आईला खिडकीशी उभे राहावे लागत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तो सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो. ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ असलेली मुदत ठेव मुदत भरल्यावर दोहोंपैकी एकाच्या सहीने मिळते. परंतु मुदतीपूर्वी मोडायची तर दोघे हयात असताना दोघांच्याही सह्या लागतात. दोघांतील एक गेला आणि मुदत बाकी असली, तर हयात असलेल्याला मुदतीपूर्वी रक्कम हवी असल्यास वारसांची संमती लागते. ही अडचण टाळण्यासाठी दोघांनी मिळून बँकेला स्वतंत्र लेखी सूचना देऊन ठेवता येते की, एकाच्या पश्चात दुसऱ्यास मुदतीपूर्वी ठेव मोडू द्यावी. ठेव ठेवताना ही सूचना देता येते, आणि नंतर मुदत चालू असतानाही देता येते. नामनिर्देशनाने हे काम होत नाही. संयुक्त ठेवीत नामनिर्देशिताची पाळी सर्व ठेवीदारांच्या पश्चात येते. तेव्हा हा अंक खाली ठेवल्यावर कपाटातील पावत्या काढून पाहाव्यात. दोन नावांच्या खाली किंवा पुढे काय छापले आहे, ते वाचावे. पुष्कळ ठिकाणी ‘ई ऑर एस’ किंवा ‘एफ ऑर एस’ अशी नुसती आद्याक्षरे असतात. काहीच नसेल तर शाखेत जाऊन दोघांच्या सहीने सूचना नोंदवून घ्यावी. वडीलधाऱ्यांच्या पावत्या असतील तर त्यांना सोबत घेऊन जावे, आणि वारसांतील कोणालाही यात संशय येऊ नये म्हणून जेवणाच्या वेळी सर्वांसमोर बोलून मगच जावे.

राहता राहिले आमचे चिरंजीव. त्यांनी आणि मी मिळून खरेदीदाराला पत्र लिहिले. त्यात ‘आमच्या मागील पत्रातील शब्दयोजना सदोष होती’ अशी कबुली पहिल्याच ओळीत दिली. त्यापुढे ‘आयदर द रिप्लेसमेंट ऑर द रिफंड, ॲट युवर ऑप्शन’ असे लिहून, नव्या गाठी ठेवून घेतल्या असल्याने निवड झाली असे आम्ही समजतो, असे विनयपूर्वक कळविले. खरेदीदाराचे दोन ओळींचे उत्तर आले. रकमेची मागणी सोडली होती आणि पुढील खरेदीची मागणी सोबत होती. तिच्यात मालाच्या प्रतीपुढे ‘अँड/ऑर’ लिहिलेले पाहून चिरंजीव तो कागद घेऊन पुन्हा माझ्याकडे आले आहेत.